पाणी गाळायची साय

आमचे सर कुणाकडेही गेले तरी पाण्याचा पेला आधी तोंडाला न लावता उजेडाला लावत. पेला पितळेचा असला तर "काचेचा आहे का हो घरात?" असं विचारत. मग खिडकीपाशी जाऊन, खिशातला पांढरा कागद पेल्यामागे धरून, एक डोळा मिटून बघत. पाण्यात काय पडलं या विचाराने यजमान कासावीस होई. सर मात्र खूश होऊन म्हणत, "वा! रंग अगदी पुसट आहे," आणि घटाघट पिऊन टाकत.

वडगावला आमच्या खात्यातल्या एका कारकुनाचं लग्न होतं. आम्ही वरपक्षाकडचे. सरांनी मांडवातच पेला उजेडात धरला आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या विहिरीवर जांभूळ आहे का?" त्यांनी हातच जोडले. म्हणाले, "काही चुकलं का साहेब? दुसरं पाणी आणवतो." सर म्हणाले, "छे छे, चुकलं काही नाही. पण पानं पडतात हो तुमच्या विहिरीत." वरपक्षाला पाणी पसंत नाही, अशी ही बातमी मांडवभर फिरली आणि शेवटी नवरदेवाला उठून सासऱ्याची समजूत घालावी लागली. सर तोवर पंगतीत बसून मठ्ठा मागत होते.

ही एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन लोणावळ्याला पाणी तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत हंगामी म्हणून लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि मागे करवंदीचं कुंपण. माणसं तीन. सर मुख्य, मी त्यांची मदतनीस आणि बाटल्या धुवायला रोजंदारीवरची सोनाबाई. औंढे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी होती, तिथून ती रोज पायी उतरून यायची. मी वडगावहून नऊच्या गाडीने पोचायचे, तोवर तिच्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या असत.

सर चहा पीत नसत. "चांगलं पाणी घ्यायचं, त्यात पाला उकळायचा, आणि वर म्हणायचं फक्कड झालाय! मी जन्मभर पाल्याशी भांडतोय आणि तुम्ही तो दुकानातून आणता," असं म्हणायचे. मी माझा चहा टेबलावर ठेवला की कप उचलून खिडकीशी नेत, निरखून बघत आणि "सोनाबाईच्या वाडीचं पाणी फेब्रुवारीत एवढंच तांबडं होतं," असं सांगून परत ठेवत. चहा गार झालेला असे.

पाल्याशी त्यांचं भांडण काय होतं तेही सांगते. पाण्यात माती असली तर तुरटी फिरवून ती तळाशी बसवता येते. पण झाडांची पानं पाण्यात पडून कुजली की त्यांचा अर्क उतरतो. तो फडक्यातून, वाळूतून आरपार निघून जातो. पाणी चहासारखं तांबूस दिसतं आणि तसंच राहतं. वरच्या ऑफिसचा यावर एकच उपाय ठरलेला होता. ब्लीचिंग टाका. ब्लीचिंगने रंग उडतो हे खरं, पण वास सुटतो आणि आत होतं ते आतच राहतं. सर संतापत. "रंग दिसेनासा करणं वेगळं आणि काढणं वेगळं," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते मला सरांच्या आवाजातच आठवतं.

तेव्हा परदेशात एक नवं खूळ निघालं होतं. पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीतल्या पदार्थाचा, कागदासारखा पातळ पडदा करायचा आणि दाब देऊन त्यातून पाणी गाळायचं. छिद्रं इतकी बारीक की पाणी जातं आणि पाल्याचा अर्क मागे राहतो. सरांनी कुठल्याशा मासिकात हे वाचलं आणि त्यांचं बाकी सगळ्यातलं लक्ष उडालं. सेल्युलोज ॲसिटेट नावाची पांढरी भुकटी ते पुण्याहून स्वतः आणत. चष्म्याच्या फ्रेमा करतात त्यातलंच ते. ती ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट रस करायचा, तो काचेच्या तावदानावर कांडीने एकसारखा पसरायचा, काही क्षण हवेत ठेवायचा आणि तावदान बर्फाच्या पाण्यात बुडवायचं. बुडताच तो रस दुधाळ होई आणि काचेवरून सुटून तरंगायला लागे. सोनाबाईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडली, "अगं बया, साय धरली की!"

सरांना हा शब्द इतका आवडला की त्यांनी रजिस्टरातला "पडदा" खोडून सगळीकडे "साय" केलं. साय क्रमांक बारा, साय क्रमांक तेरा. वरून एकदा लेखी विचारणा आली की पाण्याच्या प्रयोगशाळेत दुधाचा काय संबंध? सरांनी उत्तर पाठवलं, "संबंध नाही. रंग पांढरा आहे."

साय करायची म्हणजे समारंभच असे. केस पडू नये म्हणून सर डोक्याला ओला पंचा गुंडाळत. झाडू बंद, खिडक्या बंद, शिंकायची बंदी. धुळीचा एक कण बसला की साईला भोक पडे. आणि हवेत ठेवायचे ते क्षण सर घड्याळावर मोजत नसत. आगगाडीच्या स्टेशनांवर मोजत. तावदान आडवं धरून संथ आवाजात सुरू करत, "लोणावळा... मळवली... कामशेत... कान्हे... वडगाव... तळेगाव," आणि तळेगावला तावदान पाण्यात. हवा दमट असली तर म्हणत, "आज चिंचवडपर्यंत जावं लागेल." मी एकदा घड्याळ पुढे केलं तर म्हणाले, "घड्याळाकडे बघितलं तर साईकडे कोण बघणार?" मला आजही तळेगाव स्टेशन आलं की काहीतरी बुडवायचं राहिलं असं वाटतं.

एक गोष्ट मात्र महत्त्वाची होती. झालेली साय पाण्यातच ठेवावी लागे. वाळली की तिची छिद्रं मिटत, ती कडक होई आणि कायमची वाया जाई. हे सरांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. सोनाबाईला सांगावं हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही, कारण तिचं काम बाटल्यांचं.

सायांचं कौतुक तिला आमच्यापेक्षा जास्त होतं आणि त्याला कारण होतं. तिच्या वाडीला पाणी एकच, कातळात खोदलेलं जुनं टाकं. टाक्यावर हिरडा आणि जांभूळ असे वाकलेले की उन्हाचा कवडसा पडू नये. पानगळ सुरू झाली की पाणी काळपट तांबडं व्हायचं. एकदा सर आणि मी वर चढून गेलो. सरांनी टाक्याच्या काठावर बसून पेला भरला आणि मागे कागद धरला.

"हे पिऊन कुणी आजारी पडतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वो सायेब, आमाला सवं झालीया," सोनाबाई म्हणाली. "पन पावनं पीत न्हाईत. माज्या ल्योकाला दोन येळा बगाया आलं. घर बगितलं, पोरगा बगितला, समदं पसंत. तांब्या फुडं क्येला तर योकमेकाच्या तोंडाकं बगाया लागलं. उटून गेलं. कोन दील आपली पोर असल्या पान्यावर?"

 खाली आल्यावर सर म्हणाले, "हे आपण करायचं."

त्यांनी पितळेचं एक बंद भांडं करून घेतलं. तळाशी भोकांची चकती, तिच्यावर साय, वरून वाडीचं पाणी आणि दाबासाठी सायकलचा पंप. पंप मी मारायचा. खालून थेंब थेंब पाणी यायचं, स्वच्छ. पाव तासात एक कप. पहिला कप सरांनी उजेडात धरला आणि मागे कागद लावला. कागद पांढराच दिसत होता.

सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांनी वर अर्ज केला, की वाडीसाठी मोठं यंत्र मंजूर करा आणि ते चालू करून देईपर्यंत मला एक वर्ष मुदतवाढ द्या. वरून उत्तर आलं, आधी प्रात्यक्षिक दाखवा. फेब्रुवारीतला एक दिवस ठरला. वरच्या ऑफिसचे साहेब अकराला जीपने येणार होते. सर पहाटेच ताजं पाणी आणायला वाडीवर गेले. पाच उत्तम साया ट्रेमध्ये पाण्यात तयार होत्या.

मी नऊच्या गाडीने पोचले. प्रयोगशाळा आरशासारखी लख्ख. सोनाबाई हसत दारात उभी.

"बगा ताई, समदं आवरलं. ह्या बी साया बुळबुळीत पडल्या हुत्या पान्यात. म्हनलं पावनं येनार, कुबट वास यायचा. सोच्छ धुतल्या, कुपनावर उनात टाकल्या. बगा कशा करकरीत झाल्यात."

टेबलावर पाचही साया होत्या. हातरुमालासारख्या चौघडी घातलेल्या, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या.

मी "छान केलंत मावशी" असं म्हटलं, हे मला आठवतं. ती बाहेर गेल्यावर मी साया पाण्यात टाकल्या. जरा नरमल्या, पण प्रत्येकीला घड्यांवर चिरा गेलेल्या. नवी साय करायला बर्फ नव्हता आणि वेळही नव्हता. सर आल्यावर सांगू असं ठरवलं, तर सर जीपमधूनच उतरले. वाटेत साहेबांनीच त्यांना बसवून घेतलं होतं. साहेब, त्यांचे दोन सहायक आणि पाण्याची घागर मांडीवर घेतलेले सर. एक शब्द बोलायची सोय उरली नाही.

साय बसवायचं काम माझं होतं. त्यातल्या त्यात बरी होती ती मी बसवली. आणि खाली ठेवायच्या चंबूत, पाठमोरी होऊन, ब्लीचिंगच्या द्रावणाचे बारा थेंब टाकले. मी हे का केलं? सरांचं वर्ष वाचावं म्हणून, सोनाबाईच्या मुलाचं लग्न व्हावं म्हणून. आणि साया वाळल्या कशा या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागू नये म्हणून. तिन्ही खरं आहे.

मी पंप मारायला लागले. चिरांमधून पाणी भराभर आलं. एकेका थेंबाला रंग दिसत नाही, आणि चंबूत साठलं तिथे ब्लीचिंग वाट बघत होतं. थोड्याच वेळात चंबूभर निवळ पाणी. शेजारी पेल्यात वाडीचं तांबडं. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "वा! हे तर फारच जलद झालं. लिहा, प्रात्यक्षिक समाधानकारक." सहायकाने पेन काढलं. दारात सोनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

सरांनी चंबू उचलला. उजेडात धरला नाही. नाकाशी धरला.

"साहेब, थांबा," ते म्हणाले. "हे लिहू नका. यात ब्लीचिंग आहे. हा रंग साईने काढलेला नाही."

"म्हणजे? कोणी टाकलं?"

सरांनी पितळेचं भांडं उघडलं, साय बोटाने उचलून पाहिली आणि परत ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आहे," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

"अहो, पण उत्तर द्या ना. गैरप्रकार म्हणून नोंद करावी लागेल."

"करा. पण समाधानकारक लिहू नका. उद्या वाडीत यंत्र बसेल आणि त्यातून तांबडंच पाणी येईल. त्या बायांना मी काय सांगू?"

मी पंपाचा दांडा धरून उभी होते. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. मी तो जाऊ दिला. साहेब रागारागाने जीपकडे गेले, जीप धूळ उडवत गेली, आणि त्या बोलण्यातलं फारसं न कळलेल्या सोनाबाईने आत येऊन विचारलं, "झालं न्हवं सायेब पास?"

"नाही झालं, सोनाबाई," सर म्हणाले. "माझंच गणित चुकलं."

योजना नामंजूर झाली, मुदतवाढही. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. फरक एवढाच पडला की त्या दिवसापासून साया ते स्वतः धुवायला लागले. सोनाबाई रुसली. "माजा हात काय वंगाळ हाय का?" सर म्हणाले, "तसं नाही हो. आता थोडेच दिवस राहिलेत, म्हणून हौस भागवून घेतो."

मार्चमध्ये तिच्या मुलाला बघायला तिसरे पाहुणे येणार असं कळलं. सरांनी नवी साय केली, चिंचवडपर्यंत जाऊन. चार दिवस मी आणि ते आळीपाळीने पंप मारत होतो. मातीची एक घागर भरली. ती सरांनी स्वतः डोंगरावर नेली आणि सोनाबाईला बजावलं, "पाणी टाक्याचंच आहे, पण गाळलेलं आहे, असं पाहुण्यांना सांगायचं. शेजारी न गाळलेलंही ठेवायचं." मी कपाळावर हात मारला. जमत आलेलं लग्न मोडायची याहून चांगली युक्ती नव्हती. पण मुलीचा बाप तऱ्हेवाईक निघाला. दोन्ही तांबे बघून तो खो खो हसला आणि म्हणाला, "इतकं खरं बोलनारी मानसं मिळायची न्हाईत." न गाळलेलं पाणी प्यायला आणि सुपारी फोडली.

महिनाअखेरीला सर निवृत्त होऊन तळेगावला राहायला गेले. मला जूनमध्ये कायम केलं. त्या कागदावर सही करताना मला लाज वाटली. तरी मी सही केली.

आठेक वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. मी पाणी मागितलं तर पेला मला देण्याआधी त्यांनी उरलेल्या डोळ्याने तो खिडकीशी बघून घेतला. मी अजून पाणी प्यायलेही नव्हते, तोच माझ्या तोंडून निघालं, "सर, ते ब्लीचिंग मी टाकलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "किती थेंब?"

"बारा."

"सहाने भागलं असतं. मला वाससुद्धा आला नसता."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.  जरा सावरल्यावर मी विचारलं, "मग साया वाळल्या होत्या हे का नाही सांगितलंत? दुसरा दिवस मागून घेता आला असता."

"कुणी वाळवल्या, असं विचारलं असतं त्यांनी. ती दारातच उभी होती."

"तिची रोजंदारी गेली असती म्हणून?"

"रोजंदारी कुठेही मिळते गं. वाडीचं पाणी आपल्याच हातून गेलं, हे तिला कळलं असतं. ते घेऊन रोज डोंगर कशी चढली असती ती?" मग म्हणाले, "तूही सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. पुढे सर गेले. बऱ्याच वर्षांनी वाडीला नळ आला. सोनाबाई म्हातारी झाली तरी बाजाराला खाली उतरली की माझ्याकडे येऊन बसायची आणि दर खेपेला तीच गोष्ट काढायची.

"सायबाचं यंत्र लय ग्वाड पानी द्येत हुतं. पन मागनं कळलं, त्या दिशी कुनीतरी मेल्यानं कायतरी टाकलं त्यात. ज्यानं टाकलं त्याचं हात झडतील, बगा."

"व्हय मावशी," मी म्हणायचे आणि तिच्यासमोर चहा ठेवायचे.

सोनाबाई गेल्या वर्षी गेली. आता हे लिहायला हरकत नाही.